तिरपेसाहेब

माझ्या मामाला त्याच्या प्रयोगशाळेत सगळे ‘तिरपेसाहेब’ म्हणत. हे त्याचं आडनाव नव्हे. मामा कुणाशीही बोलायला लागला की समोरच्याच्या कानाकडे बघायचा, नाहीतर खांद्यावरून पलीकडच्या भिंतीकडे. कुणा चहाटळ माणसानं हे नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की नवीन आलेला कारकून त्याला खरोखरच ‘श्री. तिरपे’ असं लिहून पाकीट पाठवायचा. मामा निमूटपणे ते घ्यायचा. “आडनाव काही वाईट नाही,” म्हणायचा.

आमच्या घरात मात्र हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माझी आई त्याची थोरली बहीण. आजी गेली तेव्हा मामा आला नाही. आजी आठवडाभर अंथरुणाला खिळली होती, पण शुद्धीवर होती. दारात पाऊल वाजलं की “आला का गं?” असं विचारत होती. आणि मामाचा निरोप आला: काम चालू आहे, निघता येत नाही. आई एकटीच आजीच्या उशाशी बसली. पुढे महिन्याभरानं मामा आला आणि आईच्या कानाकडे बघत तिच्याशी बोलला. आईनं तिथेच ठरवून टाकलं की याच्या मनात खोट आहे, म्हणून हा नजरेला नजर देत नाही. “एकदा माझ्या डोळ्यांत बघून सांग, का नाही आलास,” एवढंच तिचं मागणं होतं. ते मामाला कधी पुरं करता आलं नाही. का आलं नाही, ते मी सांगते.

मामाचं काम लेझरचं. आता लेझर दुकानदाराच्याही हातात असतो, लोक त्यानं मांजर खेळवतात. तेव्हा तो जवळजवळ हातानं घडवावा लागे. तळघरात एक बिनखिडकीची खोली होती. तिथे टेबलावर बोटाएवढी जाड काचेची कांडी, तिच्या शेजारी कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा पण फार दांडगा दिवा, आणि त्या दिव्यासाठी वीज साठवणारे पत्र्याचे डबे कोपऱ्यात रचलेले. डबे भरताना घूं असा आवाज चढत जायचा, मग फट्कन दिवा पेटायचा आणि कांडीच्या टोकातून लेझरचा प्रकाश निघायचा. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. तो ट्रान्झिस्टर करतात त्या जर्मेनियमच्या चकचकीत चकतीवर पाडायचा आणि त्यानं चकतीत खेळायला लागलेली वीज किती वेळात निवते ते यंत्राच्या पडद्यावरच्या हिरव्या रेघेत बघायचं. “एवढंच?” असं मी लहानपणी विचारलं होतं. “एवढंच,” मामा म्हणाला होता. “पण आमच्याआधी ते इथे कुणी बघितलेलं नाही.”

डोळ्यांना लावायला काही नव्हतंच असं नाही. एक चष्मा होता, गडद हिरव्या काचांचा, वेल्डिंगवाल्याकडून आणलेला. तो घातला की चकती दिसायची नाही आणि स्क्रूही दिसायचे नाहीत, म्हणून तो खिळ्याला टांगलेला असे. सगळं एका रेषेत बसलं आहे का ते बघायला मामा कांडीच्या टोकाशी डोळा न्यायचा. सगळेच तसं करत. एकदा डब्यांत वीज उरली होती आणि दिवा आपोआप पेटला. उजव्या डोळ्याच्या आत टक् असा आवाज झाला. डावा डोळा मिटून मामानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं तर कडेचे आकडे दिसत होते आणि काटे गायब होते.

दुसरा डोळा शाबूत होता, म्हणून तो गप्प बसला. बोलला असता तर वरच्यांनी खोलीला कुलूप लावलं असतं आणि मामाची रवानगी कागद सरकवायच्या टेबलावर झाली असती. पुढच्या वर्षी, उजवा डोळा कामाचा नाही म्हणून त्यानं डावा डोळा चकतीजवळ नेला, आणि कुणीतरी दिवा पेटवला तसा चकतीच्या काठावरून उलटलेला प्रकाश त्यात गेला. या वेळी डोळ्यात रक्त उतरलं. त्याच आठवड्यात आजीचं दुखणं वाढलं होतं.

म्हणजे आजी “आला का गं?” विचारत होती तेव्हा मामा भाड्याच्या खोलीत डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडला होता. उठला की भिंत धरून चालायचा. गाडी कुठली ते वाचता येत नव्हतं, गाडीपर्यंत पोचणं तर सोडाच. घरमालकिणीला त्यानं ताप आला आहे असं सांगितलं आणि ‘घरी काळजी नको, काम आहे एवढंच कळवा’ म्हणून तिच्याकडूनच आईला निरोप पाठवला. खरं कळवलं असतं तर ताई आजीला सोडून धावत आली असती, असं त्याला वाटलं.

“मग आजी गेल्यावर का नाही सांगितलंस?” मी त्याला विचारलं.

“तेव्हा सांगितलं असतं तर ताईला वाटलं असतं, सबब काढतोय. मग म्हटलं थोडे दिवस जाऊ देत. जितके दिवस गेले तितकी ती जास्तच सबब वाटायला लागली.”

प्रयोगशाळेतल्या त्याच्या वरिष्ठ सरांना हे कळलं होतं असं मला वाटतं. मामा कामावर परतला तेव्हा दारावर ‘चष्मा लावल्याशिवाय आत येऊ नये’ अशी नवी पाटी होती आणि खिळ्यावर चार नवे चष्मे होते. सर एका शब्दानं काही बोलले नाहीत. मामाला त्यात सरांचं मोठेपण दिसतं. मला त्या माणसाचा अजून राग येतो.

डोळ्याचा मधला भाग गेला तरी कडेचा शिल्लक होता. मामानं स्वतःला शिकवलं की जे बघायचं त्याच्या बाजूला बघायचं. पडद्याच्या कोपऱ्यावर नजर ठेवली की हिरवी रेघ दिसते. भिंगातून एकेक शब्द करत वाचता येतं. त्याचं काम सुटलं नाही आणि वाईटही झालं नाही. माणसांचं मात्र अवघड झालं. समोरून कुणी हसलं तर त्याला कळायचं नाही, मग हसणाऱ्यानं दुसऱ्यांदा का हसावं? हळूहळू तो शिष्ट ठरला, मग घुम्या, आणि शेवटी तिरपेसाहेब. उपाहारगृहात तो ताट घेऊन बसला की त्या टेबलावरच्या बाकीच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या.

एका सहकाऱ्याच्या बायकोनं एकदा आपल्या मैत्रिणीशी त्याची गाठ घालून दिली. शिक्षिका होती. दोघं चहाला भेटली, तासभर बसली. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, तुमचे साहेब सारा वेळ शेजारच्या टेबलावरच्या बाईकडे बघत होते. मामा हा किस्सा फार रंगवून सांगतो, त्या बाईच्या टेबलावर काय काय होतं तेही सांगतो. मी एकदाच विचारलं, “तुला ती आवडली होती का?”

“केसांत एक पांढरी बट होती तिच्या,” तो म्हणाला. “बोलताना ती कानामागे सारायची. मला तर सगळं नीट दिसत होतं गं.”

त्यानंतर त्यानं असला कुणाचा चहा घेतला नाही. त्याच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि दुसरीवर कायम धुतलेले कपडे पडलेले असत. कपात चहा ओतताना काठावर बोट ठेवायचं, कामावरून आल्या आल्या रेडिओ लावायचा, कुणी ऐकत असो वा नसो. मला वाटतं माणसाचा आवाज घरात असावा एवढ्यासाठीच तो लावत असेल.

वर्षातून एकदा तो आमच्याकडे यायचा. एका खेपेला आईचा तोल सुटला. “भिंतीशी बोलतोयस का माझ्याशी?” असं ती स्वयंपाकघरातून ओरडली. पुढच्या खेपेपासून मामा आईकडे सरळ बघायला लागला. ताठ बसायचा, मान तिच्याकडे, डोळे तिच्या डोळ्यांवर. आईनं विचारलं, “का नाही आलास तेव्हा?” आणि तो तिच्याकडे टक लावून म्हणाला, “काम होतं, ताई.” आईला हे आणखीच झोंबलं. “बघितलंस ना?” ती मला म्हणाली. “आता निर्ढावला.” त्यापुढे तिनं विचारणंही सोडलं. तो आला की जेवायला वाढायची आणि आतल्या खोलीत जाऊन बसायची.

मी पुढे डोळे तपासायचं शिकले आणि चष्म्यांचं दुकान थाटलं. मामा निवृत्त झाल्यावर मोठं भिंग मागायला आला. मी त्याला बळंच खुर्चीत बसवलं. “दिवा बेतानं धर,” तो म्हणाला, “प्रकाशाशी माझं जुनं वाकडं आहे.” मी हसत हसत आत डोकावले आणि माझं हसू मावळलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर, अगदी मधोमध, जुना पांढुरका व्रण होता. मग त्या दिवशी दुकान बंद करून मी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. सगळं ऐकल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट अडकून बसली.

“पण आईकडे तर तू सरळ बघतोस.”

“तिला तसं हवं असतं.”

“मग ती दिसते का तुला?”

“केस दिसतात कडेचे. खांदे दिसतात. मधे राखाडी ढग असतो. आवाज येतो की तिचा.”

“आईचा चेहरा तू शेवटचा कधी बघितलास, मामा?”

त्यानं भिंग उचललं आणि खिशात घातलं. त्या दिवशी घरी आल्यावर मी खूप रडले.

“आईला सांग,” म्हणून मी त्याच्या मागे लागले. “सांगेन” म्हणायचा आणि सांगायचा नाही. त्याचं गुपित मी फोडावं हे मला बरं वाटत नव्हतं, आणि दोघांची वयं तर वाढत चालली होती. मग एक दिवस आई वाचायचा चष्मा बदलायला दुकानात आली तेव्हा मी एक साध्या काचांची जोडी घेतली, दोन्ही काचांच्या मध्यावर काळ्या कागदाची गोल टिकली चिकटवली आणि तिच्या नाकावर चढवली. तोंडानं मी काहीही सांगितलं नाही.

“हे काय गं? तू कुठे गेलीस?”

“इथेच आहे. माझ्याकडे बघ ना.”

आईनं मान हलवली, वाकडी केली, आणि बघता बघता तिचा चेहरा माझ्यावरून ढळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळला. “हां, आता दिसलीस,” ती म्हणाली. आणि तशीच राहिली. मग हळूच विचारलं, “हा कुणाचा चष्मा आहे?”

“कुणाचाच नाही. मामाला चष्म्याशिवाय असं दिसतं.”

“कधीपासून?”

“आजी आजारी होती त्या आठवड्यापासून.”

आईनं चष्मा काढून माझ्या हातात दिला. “गाढव,” ती म्हणाली. “मेल्याला तोंड नव्हतं सांगायला?” आणि पिशवी उचलून चालायला लागली. कुठे ते विचारायची मला गरज नव्हती, मी दुकान बंद करून तिच्या मागोमाग निघाले.

मामाच्या खोलीचे जिने आई पहिल्यांदाच चढत होती, दर वळणावर थांबत, खोकत. मामानं आम्ही दार वाजवायच्या आधीच ते उघडलं. “ताईचा खोकला,” तो म्हणाला, रेडिओ बंद केला आणि दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे गोळा करून पलंगावर टाकले. आई बसली. तो तिच्या समोर बसला, पाठ ताठ केली, आणि शिकवल्यासारखा तिच्या तोंडाकडे सरळ बघायला लागला.

“माझ्याकडे बघू नकोस,” आई म्हणाली.

मामानं मान खाली घातली.

“तसं नाही रे.” आईचा आवाज फुटला. “तिकडे बघ. खिडकीकडे.”

मामानं माझ्या दिशेला तोंड केलं, तो काय समजायचं ते समजला. मग त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. आईनं खुर्ची जराशी पुढे ओढली, डोळ्यांवर आलेले केस मागे सारले आणि हात मांडीवर ठेवून फोटोला बसल्यासारखी बसली.

“दिसले?”

मामानं मान किंचित आणखी वळवली. त्याचे ओठ नुसते हलत होते.

“अगदी आईसारखी दिसायला लागलीस, ताई,” तो म्हणाला.

आई तोंडावर हात घेऊन रडायला लागली, आणि मामा खिडकीवरची नजर न हलवता तिच्याकडे बघत राहिला.