मांजरीला सांगितलेला इतिहास

नवराबायकोनं वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी बोलायचं नाही, अशी तेव्हाची रीत होती. आमच्या कोपरीच्या घरात तर ती फारच कडक. आमचे हे ठाण्याच्या शाळेत मास्तर आणि जुन्या दगडांचे वेडे. तळ्याकाठी, शेताच्या बांधावर काही सापडलं की सांगायला माणूस हवं. मला सांगायची सोय नाही, म्हणून ते सासूबाईंना सांगत. आवाज मात्र स्वयंपाकघरापर्यंत पोचेल असा. सासूबाई वाती वळत "हं, हं" करत. मला काही विचारायचं असलं की मी मांजरीला विचारी. शिलाहार राजांची वंशावळ त्या मांजरीलाही पाठ झाली असेल.

मला त्यातली गोडी लागली होती, खोटं कशाला बोलू! ह्यांना तर एकच ध्यास होता. चंद्रसूर्य कोरलेला, राजाच्या दानाचा दगड एकदा आपल्याला सापडावा. "आई, त्याच्या खाली एक चित्र असतं," एवढं बोलून ते दर वेळी थांबत, खाकरत आणि कल्याणच्या खाडीबद्दल बोलू लागत.

एका सकाळी आमच्या परसात पाथरवट आला. सासूबाईंना धुण्याचा जुना दगड फोडून विहिरीला पायरी करायची होती. त्यानं पहार घालून दगड उलटा केला आणि माझ्या हातून घागरच सुटली. वर चंद्र, सूर्य. मध्ये झिजलेली अक्षरं. आणि खाली ते चित्र! इतकी वर्षं आम्ही त्याच्या पाठीवर लुगडी आपटत होतो.

मी आत धावले. हे पागोटं बांधत होते, शेजारी सासूबाई. मी मांजरीला उचललं.

"मने, धुण्याच्या दगडाखाली चंद्रसूर्य आहेत हो!"

ह्यांचं पागोटं सुटलं. "आई, त्याखाली काय आहे?"

"मला काय ठाऊक? मी इथे वाती वळतेय," सासूबाई म्हणाल्या.

"मने, खाली गाढव आहे."

"आई, गाढव काय करतंय?"

"मने, ते सांगण्यासारखं नाही गं!"

"मग तोच दगड, आई! दान मोडणाऱ्याला शिवी असते ती!" आणि हे तिथेच बसून आईला राजाचा शक समजावू लागले.

मागच्या दारातून पाहते तो पाथरवटानं घण उचललेला. मी मांजरीला खाली सोडलं.

"अहो, राजा राहू द्या, धावा! दगड फुटतोय!"

हे सुटलेल्या पागोट्यासकट धावले आणि थेट दगडावर जाऊन बसले. "मास्तर, उठा की!" म्हणत पाथरवट घण धरून उभा.

इकडे मग माझ्या ध्यानात आलं. सासूबाईंदेखत मी नवऱ्यावर ओरडले होते. त्या उठल्या, परसात गेल्या, ह्यांना बाजूला सारून चित्रावर वाकल्या आणि तोंडाला पदर लावून गदगदा हसू लागल्या.

"अगबाई! आणि ह्याच्यावर मी देवाची वस्त्रं धुतली!" मग डोळे पुसून म्हणाल्या, "आजपासून तुमचे राजे तुम्ही एकमेकांना सांगा. माझे कान किटले. मला आणि त्या मांजरीला सोडा."

संध्याकाळी शाळेतून आल्यावर हे ओसरीवर माझ्यासमोर बसले. सासूबाई मुद्दाम देवळात गेल्या होत्या. ह्यांनी जमिनीकडे पाहिलं, मीही जमिनीकडे पाहिलं. इतक्या दिवसांचं बोलायचं साठलेलं, आणि शब्द फुटेना. शेवटी हे खाकरले.

"मांजर कुठे आहे?"

मी तिला आणून दोघांच्या मध्ये बसवलं.