जेटला पंखा

मूर्ख माणूस गप्प बसला तर खपून जातो. आमच्या हेडमास्तरांना गप्प बसणं ठाऊकच नव्हतं.

चीनची लढाई होऊन वर्षभर झालं असेल. तेरच्या हायस्कुलात मी हस्तव्यवसाय शिकवायचो. तीन वर्षं झाली तरी नेमणूक तात्पुरती. दर उन्हाळ्यात नोकरी सुटायची आणि दर जूनला मी हेडमास्तरांच्या ओसरीवर जाऊन उभा राहायचो. ते पान चघळत म्हणायचे, "बघू." त्या वर्षी मात्र तपासणीला येणारे साहेब माझ्या नेमणुकीवर शेरा मारणार होते. शेरा बरा पडला तर कायम, नाही तर बायको आणि पोरीला घेऊन सोनारीला सासऱ्यांच्या दारात. सासरे फार बोलत नसत. जेवताना माझ्या ताटाकडं नुसतं बघत. तेवढं पुरे व्हायचं.

तपासणीच्या दिवशी शाळेत प्रदर्शन भरायचं. प्रदर्शन कसलं, एक काचेचं कपाट. तेरमध्ये कुठंही खणलं की जुने मणी आणि मातीच्या बाहुल्या निघतात. त्याच बाहुल्या दरवर्षी पुसून मांडायच्या आणि खाली नव्या चिठ्ठ्या लावायच्या. हेडमास्तरांना यंदा काही तरी नवं हवं होतं. त्यांच्या मेहुण्यानं मुंबईच्या गोदीतून एक परदेशी खोकं पैदा केलं. वर चित्र एका लढाऊ जेट विमानाचं, आत प्लास्टिकचे तुकडे, एक इंग्रजी कागद आणि चिकटवायची ट्यूब.

"गुरुजी, तुमच्या हाताला कला हाय," हेडमास्तर म्हणाले. "जोडा. साहेब बघून गार पडले पाहिजेत."

त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल चांगला शब्द निघाला तो तेवढाच, आणि तोही कामापुरता.

खोटं कशाला बोलू, ते काम मला आवडलं. अडतीस तुकडे होते. दाढीच्या जुन्या ब्लेडनं एकेक सोडवला, कडा काचकागदानं घासल्या. ट्यूब निम्मी वाळून गेलेली. ती चिरली आणि आत जो ओलावा राहिला होता तो सुईच्या टोकानं सांध्यांना लावला. पंख बसले, शेपटी बसली. सायकलवाल्याकडून वाटीभर चंदेरी रंग आणला. पुढच्या टोकाला वाटोळं भोक होतं. जेट तिथून हवा ओढतं आणि मागून आग टाकतं, एवढं मी वाचलेलं होतं. ते भोक मी आतून काळं केलं, म्हणजे खोल दिसेल.

तो इंग्रजी कागद मी शब्दकोश घेऊन दोन दिवस वाचला. आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्यांना विचारण्यात अर्थ नव्हता, ते स्वतःच गाइड बघून शिकवायचे. कागदात लिहिलं होतं की हे विमान कोणत्याच देशानं बांधलेलं नाही. जेट नवीन निघाली त्या काळात कुणी तरी त्याचा आराखडा काढला आणि तो कागदावरच राहिला. बांधलं असतं तर असं दिसलं असतं, म्हणून हा नमुना. मला मोठी गंमत वाटली. गंमत सांगायला मी गेलो कुणाकडं, तर हेडमास्तरांकडं. माझ्या अकलेचा तेव्हाच पंचनामा करायला हवा होता.

मास्तरांच्या खोलीत सगळ्यांसमोर त्यांनी विमान हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "पंखा कुठंय?"

"सर, हे जेट आहे. जेटला पंखा नसतो."

"पंख्याबिगर इमान उडतंय व्हय? म्या डोळ्यानं बघितलंय. पोलिस ॲक्शनच्या टायमाला आमच्या शेतावरनं गेलं. पंखा गरगरा फिरत होता."

मी खोक्यावरचं चित्र पुढं केलं. त्यात पंखा नव्हता. हेडमास्तर माझ्याकडं बघून हसले. दहा वेळा पाढा चुकणाऱ्या पोराकडं मास्तर बघून हसतो तसं.

"चित्रात इमान उडायलंय. पंखा जोरात फिरायला लागला की दिसतो का?"

"मग तुम्हाला शेतातून कसा दिसला?"

"खालनं दिसतो. बाजूनं न्हाय दिसत."

आता यावर काय बोलणार? तरी मी बोललो. सांगितलं की मुळात हे विमान कधी झालंच नाही, त्याच्या कागदात पंख्याचा तुकडाच दिलेला नाही. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "जे इमान कधी झालंच न्हाय, त्याला पंखा नव्हता हे तुम्ही कशावरनं सांगता?"

खोलीतले सगळे मास्तर हसले. गणिताचे हसले, भूगोलाचे हसले. ज्यांना तेरणा नदी कुठून कुठं वाहते ते नकाशावर दाखवता येत नव्हतं, ते माझ्या विमानावर हसले. आजही त्यांची तोंडं आठवली की माझं डोकं फिरतं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. संध्याकाळी हेडमास्तर घरी आले. मी नव्हतो. बायकोला म्हणाले, "वैनी, गुरुजींनी पोरीला खेळायला काही आणलंय का बघा बरं. एक पंखा हरवलाय. सरकारी चीज हाय." म्हणजे मी चोर! मेहुण्याचं खोकं एका दिवसात सरकारी झालं आणि मी पोरीसाठी पंखा लांबवला!

मी घरी आलो तर बायकोनं पोरीच्या खेळण्याची टोपली अंगणात पालथी केलेली. "अहो, कसला पंखा? तुम्ही आणला का?"

"पंखा नव्हताच."

"मग एक करून लावा की! तुमचं काय जातंय?"

"चूक आहे ते. विमान बिघडेल."

"विमान बिघडलं तर बिघडलं. ते कुठं उडणार हाय? जूनमध्ये आपण कुठं उडायचं ते सांगा."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कातरून मी तीन पात्यांचा पंखा केला. औषधाच्या बाटलीचं बूच त्या काळ्या भोकात ठोकलं आणि टाचणीनं पंखा त्यावर बसवला. काम चोख झालं, याचाच जास्त संताप आला. फुंकर मारली की झकास फिरायचा. हेडमास्तरांनी स्वतः फुंकून बघितलं आणि म्हणाले, "सापडला शेवटी."

तपासणीच्या दिवशी मी तो इंग्रजी कागद घडी करून खिशात ठेवला. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. मनात होतं की साहेब शहाणे निघाले तर कागद काढायचा आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून वाचायचा.

साहेब धाराशिवहून दुपारच्या बसनं आले. जेवून, ढेकर देऊन कपाटापुढं उभे राहिले. बाहुल्यांकडं बघितलंही नाही. हेडमास्तरांनी विमान बाहेर काढलं आणि गाल फुगवून फुंकर घातली. पंखा गरगर फिरला. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून पोरांनीही वाजवल्या.

साहेबांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी विमान डोळ्यांजवळ नेलं. "हे जेट दिसतंय. माझा भाऊ वायुदलात आहे. जेटला पुढं पंखा कुणी बसवला?"

माझा हात खिशात गेला, कागद बोटांना लागला. देव आहे म्हणायचा, असं वाटलं.

"गुरुजींनी, साहेब," हेडमास्तर म्हणाले. त्यांची पापणीही लवली नाही. "म्या सांगितलं होतं, खोक्यावरच्या चित्रात पंखा न्हाय. पण कलाकार माणूस, ऐकतोय व्हय?"

सगळे माझ्याकडं वळले. गणिताचे, भूगोलाचे, सगळे. त्यातल्या प्रत्येकाला खरं ठाऊक होतं आणि एकालाही तोंड नव्हतं. मी तरी कुठला वाघ लागून गेलो होतो? साहेबांच्या शेऱ्याखाली हेडमास्तरांची सही लागणार होती. कागद काढला असता तर मी खरा ठरलो असतो, आणि जूनला सोनारीच्या ताटावर बसलो असतो.

मी हात खिशातून रिकामा काढला. "चूक झाली साहेब. मला ठाऊक नव्हतं."

"असू द्या, असू द्या. खेड्यात कुठून कळणार?" साहेबांनी मोठ्या मनानं माझ्या पाठीवर हात ठेवला. हेडमास्तरांनीही ठेवला.

मी कायम झालो. बायकोनं सांजा केला, शेजारी वाटला. मीही पोटभर खाल्ला. पंखा विमानावर तसाच राहिला. हेडमास्तरांचं म्हणणं, लोकांना फुंकायला आवडतं.

पुढं तीसेक वर्षं मी नोकरी केली. पाच हेडमास्तर बघितले आणि पाचांनाही मनातल्या मनात अडाणी म्हणत राहिलो. तोंडावर एकालाही नाही. निवृत्त झालो तेव्हा सर्व्हिस बुक हातात आलं. त्या तपासणीचा शेरा पहिल्यांदाच वाचला. साहेबांचं अक्षर सुरेख होतं: "हात कुशल. विषयाचे ज्ञान नाही, तसे स्वतः कबूल केले. कायम करण्यास हरकत नाही." खाली हेडमास्तरांची सही.

त्या शाळेत इतके अडाणी होऊन गेले. सरकारी कागदावर तशी नोंद माझ्या एकट्याचीच आहे.