न्हाणीमागची भाजी

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा सासूबाईंचा नेम. परसात हाताने लावलेली भाजी उकडायची आणि तेवढ्यावर दिवस काढायचा. एरवी मी त्यात कधी पडले नाही. पण त्या वर्षी त्या काविळीने इस्पितळात राहून आल्या होत्या, अंगात जीव म्हणून नव्हता, आणि एकही दिवस उपाशी ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

गणपती बसले त्या दुपारी सासूबाईंनी विचारलं, "उद्यासाठी परसात काय काय आहे गं?"

मी तोंड उघडायच्या आत हे मोदक खाता खाता म्हणाले, "भरपूर आहे, आई. तू इस्पितळात होतीस ना, तेव्हा शेलार गावाहून बैलजोडी बोलावून सगळं परस नांगरून घेतलं."

वर शाबासकीची वाट बघत बसले. धन्य माणूस. आईचा नेम जन्मभर पाहिलेला, आणि बैल आणताना एवढंसं सुचू नये?

"बरं. उद्या पाण्यावर राहीन," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा शब्द म्हणजे शब्द.

मी ह्यांना आत नेऊन चांगलं फैलावर घेतलं. तेव्हा कुठे डोकं खाजवत म्हणाले, "न्हाणीमागे पेरूमुळे बैल वळेनात. तेवढं राहिलंय बहुतेक."

सकाळी मी विळा घेऊन तिकडे गेले. कमरेएवढं गवत, त्यात जून झालेला टाकळा माजलेला. कापता कापता हात भरून आले तरी खायचं काही दिसेना, आणि ह्यांच्या नावाने माझं पुटपुटणं चालूच. मग न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू दिसलं. त्याच्या आडोशाला गेल्या वर्षीच्या बियांचा लाल माठ आपोआप उगवलेला. कुंपणावर चढलेल्या वेलाला दोन पडवळं लोंबत होती. मला इतका आनंद झाला की चिखलातच बसले.

सासूबाई काठी टेकत आल्या. वाकून माती चाचपली, पेरूकडे पाहिलं. "इथे कुठला बैल वळतोय," म्हणाल्या. "घे काढून."

भाजी वाढली तेव्हा मी समोरून हललेच नाही. पान संपवून त्यांनी पुढे सरकवलं. "अजून वाढ. आणि त्याला सांग, पुढच्या वर्षी बैल आणलेस तर तुलाच उपाशी ठेवीन."

मी वाढलं, आणि आत जाऊन पोटभर रडले.