कान्हूची माळ

शीतल माहेरची कासारसाईची. धरणाकाठचं गाव, त्यामुळे तिच्या बापाच्या घरी आठवड्यातले चार दिवस चुलीवर मासळी असायची आणि उरलेले तीन दिवस तिच्याच गप्पा असायच्या. अशा पोरीला कोळवणच्या हैबतरावांच्या घरात दिली, तेव्हा हळदीच्या मांडवातच मावश्या कुजबुजल्या, "माळकऱ्याच्या घरात चालली. आता जल्मभर भेंडी खा म्हनावं." लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी तिच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. त्या दिवसापासून शीतलनं वशाट तोंडाला लावलं नाही. माहेरी गेली तरी वरणभात खाऊन उठायची. कुणी म्हणेल, सासरचा धाक. धाक होताच, पण नुसता धाक नव्हता. गळ्यात घातलं ते पाळायचं, एवढी तिची साधी समजूत होती. पुढं त्या समजुतीनंच तिचा घात केला.

हैबतराव, म्हणजे घरातले आबा, माणूस वाईट नव्हते, हीच तर मोठी अडचण. वाईट असते तर मनातल्या मनात शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. तिशीपर्यंत ते गुत्त्यावर पडलेले असत. दोन खाचरं त्यांनी दारूपायी घालवली होती, आणि लीलाबाईंच्या, म्हणजे बायकोच्या, पाठीवर वळ उठलेले असत. मग एका सप्ताहात त्यांनी माळ घातली ती घातलीच. त्यानंतर थेंबाला शिवले नाहीत आणि बायकोवर हातही उचलला नाही. लीलाबाईंनी देव काही पाहिला नव्हता, पण माळेनं केलेलं काम डोळ्यांनी पाहिलं होतं. अशा बाईला माळेबद्दल कुणी काय सांगायचं?

शीतलला आधी मुलगी झाली, दिशा. मग दोनदा पोटातलं गेलं. तेव्हा आबांनी देवळात नारळ ठेवून बोलून घेतलं, की मुलगा झाला तर पहिल्या वाढदिवसाला त्याच्या गळ्यात माळ घालीन आणि सप्ताहातली माझी वीणा पुढं त्याच्याच हाती देईन. मुलगा झाला. कान्हू नाव ठेवलं. पहिल्या वाढदिवसाला केक कापला आणि माळही घातली.

दिशाच्या वेळी नवसबिवस काही नव्हता. ती शेजारीपाजारी, आजोळी, मिळेल ते खायची. आजोळी मासा खाऊन आली आणि तोंडाला वास आला, तरी आबा हसून म्हणायचे, "खाऊ दे, पोरीची जात, परक्याचं धन हाय." पोरीला कुणी देवाला दिलं नव्हतं, म्हणून ती धट्टीकट्टी झाली. नवसाचा पोरगा मात्र दिवसेंदिवस वाळत गेला. चार वर्षांचा झाला तरी अडीच वर्षांच्या पोराची चड्डी त्याच्या कमरेवर राहत नव्हती.

घरात खायला कमी होतं असं नाही. लीलाबाईंनी नाचणीची खीर केली, तुपात खारीक परतली, घरच्या म्हशीचं दूध आटवून दिलं. कान्हू दोन घोट घ्यायचा आणि तिसरा बाहेर काढायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्याच्या डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि शीतललाच झापलं. "अंडं द्या रोज एक. हे असंच राहिलं तर साध्या खोकल्यात हातचं जाईल पोर." शीतलनं घरी येऊन एवढंच सांगितलं, की टॉनिक दिलंय.

अंगणवाडीच्या गौतमीताईंनी दारात कोंबड्या पाळल्या होत्या. एकदा त्यांच्या मुलीच्या डब्यातलं उकडलेलं अंडं कान्हूनं उचलून तोंडात कोंबलं. ताईंनी शीतलला बाजूला घेऊन सांगितलं, "वरडू नगं त्याला. मिटक्या मारत खाल्लं गं त्यानं. पोटात ऱ्हायलं बी."

ते ऐकल्यावर शीतलला घास गोड लागेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. माळ मोडावी तर नवस मोडतो, पाळावी तर पोर जातं. वाट सापडली ती नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात.

निलेश हिंजवडीच्या कंपनीची गाडी चालवायचा. त्याचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात त्याची माळ. विचारल्यावर तो बेरकी हसला. "बावधन आलं की माळ खिशात जाती. तितं गाडीवर भुर्जी खातो मी. डुटी कसली आस्ती तुला काय म्हाईत? पन गळ्यात आस्ताना कधी खाल्लं न्हाई, मग पाप कसलं?" झाकली मूठ सव्वा लाखाची. शीतलला नवऱ्याचा राग आला. मग तिनं त्याचीच युक्ती उचलली.

रोज अंगणवाडी सुटली की ती कान्हूला गौतमीताईंच्या मागच्या पडवीत न्यायची. त्याच्या गळ्यातली माळ काढायची, कपाळाला लावायची, पदराच्या गाठीत बांधायची. मग अंडं भरवायची, चूळ भरायला लावायची आणि माळ पुन्हा घालायची. ताई म्हणायच्या, "आगं, ऱ्हाऊ दे की गळ्यात. पोराला काय कळतंय?" शीतल मान हलवायची. माळेसमोर अंडं खाऊ घालायला तिचा हात धजत नव्हता. ती तेवढी निगरगट्ट असती, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण देवाला मानणाऱ्या माणसाला चोरीसुद्धा सोवळ्यात करावी लागते!

दोन-तीन महिन्यांत कान्हूच्या गालावर मांस दिसायला लागलं. तो पायऱ्या चढताना धापा टाकेनासा झाला. लीलाबाई बोटं मोडून दृष्ट काढायच्या आणि म्हणायच्या, "बगा, माजी खारीक लागली पोराच्या अंगाला." शीतल गप्प राहून खारकेला मान द्यायची. तोवर कान्हूला सवय झाली होती. पडवीत शिरला की तो आपणच मान वाकवून माळ काढायचा, कपाळाला लावायचा आणि आईच्या हातात द्यायचा. शीतलला त्याचं कौतुक वाटायचं. किती गुणाचं लेकरू!

मग गावचा सप्ताह आला. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. आबांच्या गळ्यात वीणा, मांडव गच्च भरलेला, आणि कान्हू धोतर नेसून, कपाळाला गंध लावून आजोबांच्या पायाशी. महाराजांनी हंडी फोडली. दही-लाह्यांच्या काल्याचा पहिला घास त्यांनी "आपल्या विणेकरीबाबांच्या नातवाला" म्हणून कान्हूपुढं धरला.

कान्हूनं घास पाहिला. त्यानं दोन्ही हातांनी गळ्यातली माळ वर ओढली, डोक्यावरून काढली, कपाळाला लावली, आणि बायकांत बसलेल्या आईकडे हात लांब करून ओरडला, "आई, धर."

लोक आधी हसले. महाराजही हसले आणि त्याच्या तोंडाशी वाकले. त्यांच्या कानाला लावलेला माईक चालू होता. "का रे बाळा, माळ का काढलीस?"

"चांगला खाऊ खाताना काढायची आस्ती. आई काढती."

"कसला रे खाऊ?"

"अंडं."

भोंगा देवळावर खोऱ्याकडे तोंड करून बांधलेला होता. मांडवातल्यांनी ऐकलंच, पण लांब खाचराच्या बांधावर असलेल्यांनी ऐकलं आणि वरच्या अंगाला पुणेकरांच्या फार्महाऊसवर कामाला गेलेल्यांनीही ऐकलं. आबांनी शांतपणे वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली, नातवाला कडेवर घेतलं आणि मांडवातून निघाले. बायकांतून पुढं झालेल्या शीतलच्या हातात त्याची माळ तशीच राहिली. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता भुई दुभंगावी.

घरी ओटीवर बसून आबांनी विचारलं, "खरं हाय?"

"व्हय. मी दिलं. डॉक्टरबाई म्हनल्या, पोर हातचं जाईल."

"मला इचारायचं हुतं."

"इचारलं आसतं तर दिऊ दिलं आसतं का तुमी?"

 आबा खोटं बोलणारे नव्हते. "न्हाई," ते म्हणाले.

निलेश खांबाला टेकून उभा होता. शीतलनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मोबाइल काढून त्यात मान घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते तिनं त्या दिवशी पाहिलं. तिनं त्याचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर म्हाताऱ्याला एका दिवसात दोन धक्के बसले असते, आणि पोराला अंडं तरीही मिळालं नसतं.

लीलाबाईंनी गौतमीताईंच्या सात पिढ्या उद्धारल्या. आबा मात्र एका शब्दानं ओरडले नाहीत. ते म्हणाले, "पोराचा दोष न्हाई. मी गळ्यात घातली, मला राखता आली न्हाई. फेडायचं मला हाय. बारशीपतूर मी अन्नाला शिवनार न्हाई." एकादशीनंतरची बारस चार दिवसांवर होती. पाणी आणि तुळशीचं पान, बाकी काही नाही.

शीतल पाया पडली, रडली. काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी आबा ओटीवरून उतरताना भोवळ येऊन पडले. पायरीवर कपाळ फुटलं, रक्त डोळ्यापर्यंत आलं. कान्हू तिथंच खेळत होता. लीलाबाई पदरानं रक्त पुसत होत्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बग, तू अंडं खाल्लंस म्हून आबा उपाशी हाय. तुज्यापायी पडला आबा." बाई दुष्ट नव्हत्या. जिव्हारी लागलेलं माणूस समोर कोण आहे ते बघत नाही, तसं झालं. पण चार वर्षांच्या पोराला एवढं पुरलं.

बारशीला आबांनी कान्हूच्या गळ्यात पुन्हा माळ घातली आणि त्याच्या हातचा घास घेऊन उपास सोडला. सगळ्यांना वाटलं, झालं गेलं गंगेला मिळालं. पण कान्हूचं तोंड काही उघडेना. ताटात काहीही वाढलं की तो विचारायचा, "ह्ये खाल्लं तर आबा जेवतील ना?" भाताची चार शितं तेवढी जायची. खारीक नको, खीर नको, पेढासुद्धा नको, कारण पेढा चांगला लागतो. चांगलं लागेल ते काही तो तोंडात घालेना, आणि घालायची जबरदस्ती केली की माळ मुठीत धरून ओठ मिटून बसायचा. गावात मात्र त्याची कीर्ती झाली. आयाबाया येऊन त्याच्या पाया पडू लागल्या. आबांच्या डोळ्यांत पाणी यायचं. "एवढंसं लेकरू, पन निष्ठा बगा. ह्योच माजी वीणा घील." शीतलला ते ऐकून किंचाळावंसं वाटायचं. पोराची हाडं मोजून घ्यावीत अशी वर आली होती, आणि घर त्याला ओवाळत होतं.

अंगणवाडीत वजन केलं, तर काटा पहिल्याहूनही खाली आला होता. गौतमीताई म्हणाल्या, "शीतल, आता म्हागं-फुडं बगू नगं."

ती कान्हूला घेऊन पुन्हा त्या पडवीत गेली. ताईंनी अंडं सोललं. कान्हूनं माळ मुठीत धरली. "मी न्हाई. आबा मरतील."

"आरं, न्हाई मरत. आंड्याचा नि आबांच्या जेवनाचा काय संबंद न्हाई."

"हाय. आजी म्हनली."

 शीतलनं ताईंच्या हातातलं अंडं घेतलं. लग्नापासून पाळलेली माळ गळ्यात तशीच होती. ती तिनं काढली नाही, मुद्दाम पदराबाहेर घेतली, पोराला दिसावी म्हणून. आणि अंडं खाल्लं. पोराच्या डोळ्यांत बघत शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. "बगितलंस? मी खाल्लं. माळ घालून खाल्लं. आता सांजच्याला तू बस आबांपाशी, आनि बग, आबा जेवतात का न्हाई. जेवले तर उद्या तू खायाचं. कबूल?"

कान्हूनं तिच्या गळ्याकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. शीतलच्या जिवात जीव आला. किती दिवसांनी ती घरी जाताना पोराशी बोलत बोलत गेली.

संध्याकाळी ताटं मांडली. आबा, त्यांच्या उजवीकडे कान्हू, पलीकडे निलेश आणि दिशा. शीतल वाढत होती. आबांनी चित्राहुती घातल्या, भात कालवला. कान्हू त्यांच्या हाताकडे टक लावून बसला होता. पहिला घास तोंडात गेला. आबांनी तो चावला, गिळला आणि दुसरा घास घेतला. शीतलनं पोराकडे बघून भुवया उडवल्या. जिंकलो रे, असं तिला झालं. कान्हू तिच्याकडे बघेना. तो आबांकडेच बघत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू रडवेला होत गेला. त्याच्या हिशेबानं आबांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते जेवत होते. न फेडता जेवले, म्हणून आता त्यांना काहीतरी होणार होतं.

त्यानं दोन्ही हातांनी आबांचं मनगट धरलं. "आबा, जेवू नगा. आईनं अंडं खाल्लंय. माळ घालून खाल्लंय."

आबांचा घास वर जाता जाता थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. शीतलच्या हातात आमटीची पळी होती. तिनं नाही म्हटलं नाही. निलेशनं मान वर केली नाही, तो जेवत राहिला. आबांनी घास ताटात ठेवला, ताटाला नमस्कार केला आणि ते बाजूला सारलं.

कान्हूनं आईकडे पाहिलं. "बग आई," तो म्हणाला, "म्हनलं हुतं का न्हाई तुला."

मग त्यानंही आपल्या ताटाला नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी ते पुढं ढकललं.