भोंग्याचा अर्धा तास

आमच्या ह्यांना सगळे भोंगेवाले म्हणायचे. धरणात घर गेलं, जमीन गेली, त्या बदल्यात ही नोकरी मिळाली: धरणावरच्या खोलीत बसायचं आणि भोंगा वाजवायचा. वीजघर सुरू झालं की खालच्या कोरड्या पात्रात एकदम पाणी सुटतं, म्हणून आधी इशारा. नियम पाच मिनिटांचा. पण पात्रातल्या डबक्यांवर धुणं धुणाऱ्या बायका, त्यांत कितीतरी म्हाताऱ्या. पाच मिनिटांत कसल्या वर चढतायत? म्हणून हे कुणाला न विचारता अर्धा तास आधी वाजवायचे. बावीस वर्षं. कुणाचं साधं फडकंही वाहून गेलं नाही. देवाची कृपा, असंच मी समजत होते.

त्या सकाळी भोंगा झाला तेव्हा मी आणि वन्सं पात्रातच होतो. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आईमागे ह्यांना त्यांनीच वाढवलं. भोंगा ऐकून त्या धुणं आवरायला लागल्या. मी म्हटलं, "सावकाश होऊ द्या, अर्धा तास आहे की."

वर ह्यांनी बटणाला हातही लावला नव्हता. त्या दिवसापासून भोंगा आणि टर्बाइन दोन्ही शहरातून चालणार होती. कळवणारा कागद अजून यायचाच होता. ह्यांनी फोन केला. तिकडचा साहेब म्हणाला, "नियमाप्रमाणे पाच मिनिटं दिलीत, काका." दोन मिनिटं त्यातच गेली.

हे पायऱ्यांवरून ओरडत येताना दिसले. "वर या! टाका ते सगळं!"

"आज भोंगा तोंडानं का हो?" एकीनं विचारलं. सगळ्या हसल्या. मीसुद्धा.

मग ह्यांनी दगड मारायला सुरुवात केली. माझ्या खांद्याला एक लागला. बायका चिडून, शिव्या घालत काठावर चढल्या. वन्सं पलीकडच्या खडकावर होत्या. "खुळ्या, माणसांना दगड मारतोस?" म्हणाल्या, आणि ओली सतरंजी खांद्यावर घेऊन निघाल्या.

"ताई, सतरंजी टाक! पाया पडतो तुझ्या, टाक!"

टाकली नाही. पाणी त्यांच्या गुडघ्याला आलं, मग कमरेला. हे आत धावले, तर दोघीतिघींनी मागून आवळून धरलं. "बंद कर रे! बंद कर!" हे धरणाकडे बघून ओरडत होते. वरची खोली ह्यांचीच. तिथं कोण असणार?

वन्सं तिसऱ्या दिवशी सापडल्या.

चौकशीला साहेब आले. भोंगा वाजला होता? वाजला. पाच मिनिटं मिळाली? मिळाली. "अर्ध्या तासाची सवय मी लावली," हे म्हणाले. "ताईला मी मारलं, असं लिहा." साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी दारात उभी होते. साहेबांसाठी चहा ठेवायला आत वळले.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "भोंगा ऐकल्यावर ताई लगेच का नाही गं निघाली?"

सतरंजी जड होती, म्हटलं.