तांदळाच्या डब्यातलं बाळ

नाताळ जवळ आला की तोंड पाडून बसणारा माणूस अख्ख्या वसईत एकच होता, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ निघाला. डिसेंबर लागला की वाडीतली पोरं चांदण्या टांगायची, स्पीकर लावायची. आमचे भावजी फादरांच्या झग्यासारखा जांभळा सदरा घालून ओट्यावर बसायचे. "हा आगमनकाळ हाय, वयनी. वाट बघायचे दिवस. नाचायचे नाय." मी नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, तळल्या की भावजी डब्याला सुतळी बांधायचे. गाठ सुटायची ती नाताळच्या रात्री चर्चमधली मिस्सा झाल्यावर, तोवर नेवऱ्या मऊ पडलेल्या. देवधर्म मलाही कळतो, पण मऊ नेवरी कोणत्या देवाला आवडते? ईस्टरआधीच्या उपासकाळातही तेच. नव्या बिल्डिंगीतल्या एक बाई सुट्टी म्हणून पोरंबाळं घेऊन कळंबच्या समुद्रावर निघाल्या होत्या. हौसेनं म्हणाल्या, "हॅपी गुड फ्रायडे, अंकल!" भावजी म्हणाले, "तुमच्यात मयताला पेढे वाटतात काय?" बाई पुन्हा आमच्या दारावरून गेल्या नाहीत.

खरं भांडण गोठ्याचं. नाक्यावर वाडीचा एकच नाताळगोठा असायचा. पेंढा, मातीच्या गाई, मरिया, योसेफ. बाळ येशू मात्र भावजींच्या ताब्यात. त्यांच्या बापानं आणलेली मातीची मूर्ती, नाकाचा टवका उडालेली. ती माझ्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे आणि चोवीस तारखेची मिस्सा झाली की छातीशी धरून गव्हाणीत नेऊन निजवायचे. त्याआधी गव्हाण रिकामी. पुढे गोठ्यांच्या स्पर्धा निघाल्या आणि परीक्षक नाताळच्या आधीच यायला लागले. पोरं दारात उभी. "काका, बाळ द्या ना. ते बघून गेले की परत आणून देतो."

"तुझी आई बाळंत व्हायच्या आधी तुझं बारसं केलेलं काय रे?"

नंबर शेजारच्या वाडीला गेला. त्यांच्या गोठ्यात बाळ होतं, वर कारंजंही होतं. मी म्हटलं, "द्यायचं होतं, भावजी. पोरांची हौस." तर म्हणाले, "रिकामी गव्हाण बघून एकाला तरी वाटाया पायजे ना, अजून कोनतरी यायचा हाय?"

पुढच्या वर्षी पोरांनी बाजारातून प्लास्टिकचं बाळ आणलं, गालात दिवा लागणारं, आणि डिसेंबर लागताच निजवून टाकलं. भावजींनी जांभळा सदरा काढून खुंटीला टांगला. तेव्हाच मला कळलं, हा माणूस संपला. मिस्सेनंतर नेहमीसारखी मूर्ती घेऊन नाक्यावर गेले. मंडपात नाच रंगलेला, कोणी वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं परत आले, डब्याचं झाकण काढलं आणि मूर्ती तांदळात ठेवली.

"वयनी, जागा नाय."

बेथलेहेमातही मरियेला सराईवाल्यानं असंच सांगितलं होतं. पण तो निदान ओळखीचा नव्हता. नेवऱ्यांच्या डब्याची गाठ त्या वर्षी मीच सोडली.

पुढचा उपासकाळ लागायच्या आत भावजी गेले. मूर्ती अजून माझ्या डब्यात आहे, तांदूळ काढताना बोटांना लागते. मुलगा म्हणतो, शोकेसमध्ये ठेव. मी ठेवत नाही. नाताळच्या आधी कोणी मागायला आलं तर द्यायची नाही, हे मी पक्कं ठरवलंय.

येत कोणी नाही.