जुनी फोर बाय फोर बघायला बापूंबरोबर

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. जुनी गाडी घ्यायला निघालं की विकणारेच पुरवतात. आमच्याकडे दोन महिन्यांत एवढे साठले की गाडी मिळाली नसती तरी चाललं असतं. म्हणजे मला, अविनाशला नाही.

अविनाश माझा ऑफिसातला मित्र. त्याच्या आई वेल्ह्याच्या बाजूला डोंगरात एकट्या राहतात. डांबरी रस्ता संपला की पुढे घरापर्यंत दोन किलोमीटर कच्ची चढण. गेल्या पावसाळ्यात त्या घसरून पडल्या, तेव्हा चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. अविनाश त्या चौघांत नव्हता, तो पुण्यात मीटिंगमध्ये होता. हे त्याच्या मनाला अजून खातं. त्यामुळे यंदा पावसाच्या आत दारापर्यंत जाणारी, चारही चाकांना जोर मिळणारी छोटी फोर बाय फोर हवीच होती.

पारख करायला कात्रजचे बापू मेकॅनिक. बापू फार बोलत नाहीत. विकणाऱ्याला घाम फुटायला तेवढं पुरतं.

*

बापूंचा पहिला नियम : इंजिन गार असतानाच स्टार्ट करून बघायचं, तापलेलं इंजिन दोष लपवतं. विश्रांतवाडीच्या एका निवृत्त साहेबांना तसं फोनवर सांगितलं होतं. सकाळी सातला पोचलो. बापूंनी बॉनेटवर हात ठेवला.

"गरम आहे."

"उन्हात असते ना," साहेब म्हणाले.

गाडी बेसमेंटमध्ये होती. बापूंनी वर स्लॅबकडे बघितलं.

"ऊन चांगलं येतं आपल्याकडे," ते म्हणाले, आणि आम्ही निघालो.

*

लोणी काळभोरचे मालक म्हणाले, "फर्स्ट ओनर हाय. गाडी निस्ती हायवेला पळालीया, चिखल म्हनून बघितला न्हाई."

बापूंनी मागचं मॅट उचललं. खाली वाळलेला चिखल, आणि चिखलात एक वाळलेला खेकडा. बापूंनी तो काढून मालकांच्या तळहातावर ठेवला. मालकांनी उलटसुलट करून नीट बघितला.

"ह्यो माझा न्हाई," ते म्हणाले. "आधीच्या मालकाचा असंल."

*

तिसरा आयटीतला तरुण. गाडीवर डोंगरांचे स्टिकर. सहा वर्षं सगळे ट्रेक याच गाडीने केलेले.

बापूंनी फोर व्हीलचा लिव्हर ओढला. हलेना. अविनाशने ओढला. मग मालकाने स्वतः, दोन्ही हातांनी.

"जाम आहे," बापू म्हणाले. "सहा वर्षं तुम्ही टू व्हीलवरच फिरलात."

त्याने तळहात पँटला पुसले. मग म्हणाला, "म्हणजे टू व्हीलवर पण सगळीकडे जाते सर. हा प्लस पॉइंटच झाला ना?"

*

शेवटी गाडी मिळाली ती बापूंच्या गॅरेजपासून दोन गल्ल्या सोडून. इंजिन गार, चासी सरळ, कागदांवरचे नंबर जुळणारे, लिव्हर एका हाताने पडणारा. बापूंनी ती मुद्दाम ओल्या शेतात घालून बाहेर काढली, मग खाली झोपून ऑइल गळतंय का बघितलं. उठून म्हणाले, "घ्या." दोन महिन्यांत हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. अविनाशच्या डोळ्यांत पाणी आलं. बापूंनी हात पुसायचा कपडा पुढे केला, तो ऑइलचा होता.

रविवारी तिघं वर गेलो. गाडी थेट दारात. आईंना गुडघा दाखवायला पुण्याला न्यायचं ठरलं होतं. अविनाशने दार उघडलं. आईंनी पाय उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. गाडीचा उंबरा त्यांच्या गुडघ्याच्या वर येत होता.

आम्ही तिघं गाडीकडे बघत राहिलो. आईंचा पाय किती वर उठतो हे कुणीच बघितलं नव्हतं.

"चुकलं माझं," बापू म्हणाले.

आई आत गेल्या आणि एक ठेंगणं लाकडी स्टूल घेऊन आल्या. ते दाराशी ठेवलं, अविनाशचा खांदा धरला आणि चढून बसल्या. अविनाश स्टूल उचलून मागे टाकायला लागला.

"त्ये राहू दे हितंच," आई म्हणाल्या. "परत आल्यावर उतराया लागंल."

"आणि पुण्यात उतरताना?"

"तिथं तू हायस की."